बैठकीत फ्रेंच, स्वयंपाकघरात क्रेओल

आमच्या घरमालकांच्या घरात कुठल्या खोलीत कुठली भाषा बोलायची हे ठरलेलं होतं. बैठकीच्या खोलीत फ्रेंच, स्वयंपाकघरात क्रेओल. मधे दार नव्हतं, जमिनीत नुसती एक लाकडी पट्टी होती. ती ओलांडली की घरमालकांची, म्हणजे मास्तरांची, भाषा बदलायची. वाक्य अर्धं झालेलं असलं तरी बदलायची, मी माझ्या कानांनी ऐकलंय. हातात कप घेऊन ते बोलत बोलत आत जायचे आणि वाक्याचं शेपूट आत पडायचं ते वेगळ्याच भाषेत. आवाजही बदलायचा. बाहेर ओठ गोल करून, जपून जपून बोलणारा माणूस आत गेला की पोटातून बोलायला लागायचा, खदाखदा हसायचा आणि अधूनमधून शिव्याही घालायचा.

मी तेव्हा नुकती नागपूरहून वर्क व्हिसावर न्यू जर्सीत आले होते. सगळी देशी दुकानं असलेल्या ओक ट्री रोडच्या आसपास राहायची फार इच्छा होती, पण तिथे एकटीला परवडेल असं काही मिळेना. तिथून अर्ध्या तासावरच्या गावात या हैतीच्या म्हाताऱ्याच्या घराचा वरचा मजला मिळाला. त्यांच्या लोकांमध्ये त्यांना सगळे ‘मेत’ म्हणायचे. मेत म्हणजे मास्तर. आयुष्यभर त्यांनी हैतीत गणित शिकवलेलं. मी पहिल्या दिवसापासून त्यांना मनात मास्तरच म्हणत आले. तोंडावर ‘सर’ म्हणायचे, ते त्यांना आवडायचं. मला ते ‘मादमोझेल’, म्हणजे फ्रेंचमधलं ‘कुमारी’, म्हणायचे, ते मला आवडायचं. नागपुरात मला कुणी कधी इतकं भारदस्त काही म्हटलं नव्हतं.

जिना मात्र इंग्रजीचा होता. वर जाणारा जिना पुढच्या दारातूनच सुरू व्हायचा, आणि माझ्याशी काय बोलायचं ते मास्तर त्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभं राहून बोलायचे. त्यांचं इंग्रजी इस्त्री केलेलं होतं. एकेक वाक्य बोलून थांबायचे, उजव्या हाताची बोटं खडू धरल्यासारखी जुळवायचे आणि विचारायचे, “प्रश्न?”

“कचऱ्याची गाडी मंगळवारी येते. प्रश्न?”

“नाही सर.”

“हीटरला हात लावायचा नाही. प्रश्न?”

प्रश्न होता, थंडीनं माझे दात वाजत होते. पण त्या आवाजापुढे मला सातवीतलं बाक आठवलं आणि मी मान हलवली. त्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जरा निराशा दिसली. मला वाटलं, म्हाताऱ्याला आणखी काय हवंय बाप्पा, सगळं ऐकते आहे तरी.

त्यांचं हे खोल्याखोल्यांचं प्रकरण घरापुरतं नव्हतं. पुढचं अंगण फ्रेंच होतं आणि मागचं क्रेओल. म्हणजे काय, तर कचऱ्याचा डबा रस्त्याच्या कडेला ठेवायला जातानाही मास्तर जॅकेट घालून, पायात चकचकीत बूट घालून जायचे. तोच माणूस मागच्या दारानं बाहेर पडला की बनियनवर, पाय मातीत, मिरचीच्या रोपांशी मोठमोठ्यानं गप्पा मारत असायचा. गाडीही क्रेओल होती, कारण गाडी चालवताना त्यांना फ्रेंचमध्ये राहणं शक्य नव्हतं. न्यू जर्सीत गाडी चालवणाऱ्या कुणालाही ते कळेल.

फोन आला की तो कशाबद्दल आहे त्यावर ते खोली ठरवायचे. बिनवायरचा फोन होता, तो घेऊन या खोलीतून त्या खोलीत. एकदा संध्याकाळी मी बैठकीत चावी द्यायला गेले होते आणि फोन वाजला. त्यांनी फोन घेतला, ताठ उभे राहिले, ऐकलं, फ्रेंचमध्ये दोन वाक्यं बोलले. मला ‘मेर्सी’, म्हणजे धन्यवाद, तेवढं कळलं. फोन नीट जागेवर ठेवला. मग लाकडी पट्टी ओलांडून आत गेले, ओट्याला धरून उभे राहिले आणि जे रडले ते मला अजून ऐकू येतं. त्यांचा धाकटा भाऊ गेला होता. मादाम, म्हणजे त्यांच्या बायको, त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. मी चावी हातात घेऊन बैठकीतच थांबले. मला आत जाता येईना आणि वरही जाता येईना. फ्रेंचमध्ये या माणसाला रडता येत नाही, हे मला तेव्हा कळलं.

मादामची आणि माझी गट्टी जमली ती तुरीमुळे. त्यांच्याकडे एक दिवस डब्यात हिरवे दाणे दिसले आणि मी अक्षरशः ओरडलेच. सोले. नागपुरात हिवाळ्यात आई सोलेभात करते, तुरीच्या हिरव्या दाण्यांचा, वरून जवसाचं नाही तर शेंगदाण्याचं कच्चं तेल. मादामही तुरीचा भातच करायच्या, लवंग आणि ओव्यासारख्या कसल्याशा पाल्याचा वास यायचा त्याला. तूर तीच. फ्रीझरमधल्या पाकिटातली, पण तीच. मी एक घास खाल्ला आणि माझे डोळे भरून आले. मादामना इंग्रजी बेताचं यायचं, पण रडं कशाचं आहे हे विचारायला त्यांना भाषा लागली नाही. त्या दिवसापासून मला स्वयंपाकघरात प्रवेश मिळाला, आणि तिथे गेल्यावर लक्षात आलं की या घरातलं खरं काय ते इथेच घडतं.

हे सगळं नीट समजायला त्यांच्या देशातली गोष्ट माहीत हवी. हैतीत घरोघरी क्रेओल बोलतात. भांडतात, प्रेम करतात, भाजी विकतात, सगळं क्रेओलमध्ये. पण शाळा पिढ्यान् पिढ्या फ्रेंचमध्ये. फ्रेंच येणारे मूठभर, पण कचेरी त्यांची, बँक त्यांची, फळा त्यांचा. मुलांनी पहिल्या दिवसापासून न कळणाऱ्या भाषेत पाठ करायचं. आता कागदावर दोन्ही भाषांना सारखा मान आहे म्हणे, पण ‘मुलाला शाळेत घातलं’ याचा आईबापांच्या मनातला अर्थ अजून ‘मुलाला फ्रेंचमध्ये घातलं’ असाच आहे. मला हे सांगावं लागलं नाही. माझा दादा त्याच महिन्यात माझ्या भाच्यासाठी शाळा शोधत होता आणि फोनवर आमची रोज जुंपत होती. मी म्हणायची, निदान चौथीपर्यंत मराठीत घाल. दादा म्हणायचा, “तू अमेरिकेत जाऊन बसली आणि आम्हाले मराठी शाळेचं सांगून राहिली काय?” मी फोन ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी परत लावायची.

ही भांडणं जिन्यात ऐकू जायची. एक दिवस मास्तरांनी मला पहिल्या पायरीवर गाठलं.

“मादमोझेल, तू रोज कुणाशी भांडतेस?”

मी सांगितलं. ते ऐकत राहिले, आणि मग त्यांनी जे विचारलं त्याची मला कल्पना नव्हती.

“म्हणजे तू गणित तुझ्या आईच्या भाषेत शिकलीस?”

“हो सर. दहावीपर्यंत.”

“अपूर्णांकसुद्धा?”

“अपूर्णांकसुद्धा.”

ते पायरीवर बसले. इस्त्रीच्या पँटसकट बसले. म्हणाले, “मला शिकव.”

“तुम्हाला? अपूर्णांक?”

“तुझ्या भाषेत. मी विद्यार्थी. सुरू कर.”

आता काय म्हणावं या माणसाला. मी ऑफिसातून आलेली, पोटात कावळे, आणि हा माणूस मला जिन्यात मराठीतून शाळा घ्यायला सांगतोय. पण त्यांचा चेहरा चेष्टेचा नव्हता. मी बॅग खाली ठेवली आणि सुरू केलं. समजा एक भाकर आहे. तिचे दोन तुकडे केले. एक तुकडा तुझा. आता दुसऱ्या भाकरीचे तीन तुकडे केले. मास्तरांना एक अक्षर कळत नव्हतं, पण ते असे बघत होते की मी हळूहळू रंगातच आले. अंश, छेद, समच्छेद, सगळं झालं. शेवटी मीच विचारलं, “प्रश्न?”

ते हसले नाहीत. म्हणाले, “तुझे हात बघ.”

माझे दोन्ही हात हवेत होते. त्यात मी न दिसणारी भाकर मोडत होते.

“माझ्या वर्गात मुलांचे हात बाकावर असायचे. हलायचे नाहीत. मला वाटायचं शिस्त आहे. आणि माझेही हलायचे नाहीत, मादमोझेल. मी सगळं आयुष्य हात न हलवता गणित शिकवलं.”

मग म्हणाले, “एकदा तरी मला क्रेओलमध्ये शिकवायचं होतं. कधी धीर झाला नाही. आता वय गेलं.” आणि उठून, पँट झटकून, बैठकीत निघून गेले. तिथे त्यांना हे बोलता आलं नसतं.

वय गेलं होतं, पण संधी आली. गावातल्या शाळेत हैतीहून नवी आलेली पुष्कळ मुलं होती आणि गणितात मागे पडत होती. त्यातली एक नादेज. तिची आई रोझलीन वृद्धाश्रमात काम करायची आणि मादामची लांबची भाची लागायची. नादेज शाळेत तोंडच उघडायची नाही. शाळेचं म्हणणं, पोरीला काही येत नाही, एक वर्ग खाली बसवू. शेवटी शाळेनं ठरवलं की दर शनिवारी सकाळी या मुलांसाठी गणिताचा वेगळा वर्ग घ्यायचा, शिकवायला मास्तरांना बोलावायचं, पुस्तकंही मागवायची. फक्त एक सांगा, वर्ग फ्रेंचमध्ये हवा की क्रेओलमध्ये. पुस्तकं एकाच भाषेतली मिळतील. पालकांनी ठरवून सोमवारी कळवा.

पालकांचं आधीच ठरल्यासारखं होतं. फ्रेंच. त्यांच्या चर्चचे पास्टर तर म्हणाले, एवढे मोठे फ्रेंच बोलणारे मास्तर आपल्याकडे असताना क्रेओलचं नाव कशाला काढता. क्रेओल काय, घरी येतंच की. तरी रीतसर बैठक हवी म्हणून रविवारी चर्च सुटल्यावर सगळ्यांनी मास्तरांकडे जमायचं ठरलं. त्या आठवड्यात मास्तर मला जिन्यात दिसले तर नुसते मान हलवून पुढे जायचे. मी मादामना विचारलं, ते क्रेओलचं सांगणार ना सगळ्यांना? मादामनी बैठकीकडे हनुवटी केली. “तिथे?” म्हणाल्या. “तिथे त्याला नाही जमणार.”

रविवारी मी मादामच्या मदतीला भोपळा चिरत होते. त्यांच्याकडे रविवारी भोपळ्याचं सूप असतं, भलं मोठं पातेलं. तिथून पट्टीपलीकडचं सगळं दिसत होतं. बैठकीत प्लॅस्टिकचं आवरण घातलेल्या सोफ्यावर आणि मागून आणलेल्या खुर्च्यांवर सगळे पालक चर्चच्या कपड्यांत, गुडघे जुळवून बसले होते. कुणी खोकलं तरी माफी मागत होतं. मास्तर सुटात. ते उठले आणि त्यांनी फ्रेंचमध्ये ठराव वाचायला सुरुवात केली. मला अर्थ कळत नव्हता, पण ऐकायला ते इतकं देखणं होतं की मी सुरी थांबवली. लांबलचक, वळणावळणाची वाक्यं. पालक माना डोलावत होते. पास्टरनी तर डोळे मिटून घेतले होते. शेजारी मादाम ढवळता ढवळता एकदम थबकल्या. त्यांनी कपाळाला हात लावला.

“काय झालं?” मी विचारलं.

“म्हातारा वेडा झालाय,” मादाम म्हणाल्या.

तिकडे मास्तरांनी ठराव संपवला आणि विचारलं, “प्रश्न?”

कुणालाच प्रश्न नव्हता.

“मंजूर असेल त्यांनी हात वर करावा.” सगळ्यांचे हात वर गेले. रोझलीनचाही गेला. टाळ्या झाल्या. मास्तरांनी कमरेत किंचित वाकून अभिवादन केलं आणि सगळ्यांना सूप घ्यायला आत बोलावलं.

पट्टी ओलांडून माणसं आत आली आणि दोन मिनिटांत ते स्वयंपाकघर ओळखू येईना. टाय सैल झाले, बुटातून पाय निघाले, जो तो एकदम बोलू लागला. बैठकीत मुक्यासारखा बसलेला एक टॅक्सीवाला इथे सगळ्यांची नक्कल करून दाखवत होता. या गलक्यात मास्तर ओट्याला टेकून उभे राहिले आणि क्रेओलमध्ये म्हणाले (मादाम मला इंग्रजीत सांगत होत्या), “अभिनंदन. आता तुम्ही काय मंजूर केलंत ते सांगतो. एक, दर शनिवारी पहाटे पाच वाजता पालकांनी शाळेत येऊन सगळ्या फरशा पुसायच्या.”

एकदम हशा उठला. टॅक्सीवाला तर वाकून हसत होता.

“दोन, मुलांना बिनचूक फ्रेंच येईपर्यंत त्यांनी घरी आईबापाशी एक शब्दही बोलायचा नाही.”

आता मात्र हसू थांबलं. सगळ्यांनी पास्टरकडे पाहिलं, कारण त्यांना फ्रेंच येत होतं. पास्टरांचा चेहरा पडला. “मी,” ते म्हणाले, “मी मेतच्या उच्चारांकडे लक्ष देत होतो.”

मला हसू आलं होतं, पण रोझलीनकडे बघून ते जिरलं. ती वाडगा खाली ठेवून मास्तरांसमोर येऊन उभी राहिली होती. बुटकीशी बाई, मास्तरांच्या खांद्याला लागणारी.

“तुम्ही आम्हाला मूर्ख बनवलंत,” ती म्हणाली. “तुम्ही मास्तर लोक शाळेत बनवायचात तसंच. तिथेही मी अशीच हात वर करायची.”

मास्तर काहीतरी समजावू लागले. मादामनी डाव पातेल्यावर आपटला. “आधी माफी माग,” त्या म्हणाल्या.

आणि मास्तरांनी मागितली. सरळ मागितली, मान खाली घालून. “चुकलो, पोरी. हे मी आयुष्यभर करत आलो आणि त्याला शिकवणं म्हणत आलो. तुम्हाला दाखवायला दुसरा मार्ग सुचला नाही. नुसतं सांगायचा मला धीर नव्हता.”

रोझलीनचा राग थोडा उतरला, पण ती हटली नाही. मला तिचं हेच आवडलं. तिनं विचारलं, “मग माझी पोर फ्रेंच कधी शिकणार? तुम्हाला येतं म्हणून तुम्ही नको म्हणू शकता. तिकडे हैतीत मी बँकेत गेले की कारकून मुद्दाम फ्रेंच बोलायचा आणि मी खाली बघत उभी राहायची. नादेजनं तसं उभं राहायचं का?”

हा प्रश्न खोटा नव्हता. मला दादा आठवला, तोही हेच म्हणतो, फक्त बँकेच्या जागी इंटरव्ह्यू म्हणतो.

मास्तर म्हणाले, “फ्रेंच मी शिकवीन. दर रविवारी, माझ्या बैठकीत, सोफ्यावर बसवून. तिला असं फ्रेंच येईल की तो कारकून खाली बघेल. पण फ्रेंच हा एक विषय, रोझलीन. गणित समजायचं असेल तर ज्या भाषेत ती तुझ्याशी हट्ट करते त्या भाषेत समजू दे. नादेज तुझ्याशी हट्ट करते ना?”

“दिवसभर,” रोझलीन म्हणाली.

“शाळेत तोंड उघडत नाही, आणि घरी दिवसभर हट्ट करते. मग मुलगी मुकी आहे की शाळा बहिरी?”

यानंतर जे भांडण झालं ते सूप संपेपर्यंत चाललं. टॅक्सीवाला क्रेओलच्या बाजूचा, त्याची बायको फ्रेंचच्या. पास्टर आधी फ्रेंचचे, मग दोन्हीचे, मग म्हणाले देवाला सगळ्या भाषा कळतात, त्यावर मादाम म्हणाल्या, देवाला कळतात हो, शाळेच्या परीक्षेला पोरं बसणार आहेत. बैठकीत ज्यांच्या तोंडून एक शब्द फुटला नव्हता ती माणसं चमचे नाचवत, एकमेकांना तोडत बोलत होती. मादामनी मला भाषांतर सांगायचं कधीच सोडून दिलं होतं, कारण त्याही भांडत होत्या. शेवटी परत हात वर झाले, इथे, ओट्यापाशी. या वेळी सगळे नव्हते, टॅक्सीवाल्याच्या बायकोनं शेवटपर्यंत केला नाही. पण रोझलीननं केला. वर्ग क्रेओलमध्ये, फ्रेंच रविवारी.

पास्टरनी सोमवारी शाळेला कळवलं. तिकडच्या बाईंना आश्चर्य वाटलं म्हणे. त्यांनी फ्रेंचची पुस्तकं जवळजवळ मागवलीच होती.

पहिल्या शनिवारी मास्तरांची गाडी नेमकी सुरू होईना. गाडीला जे सांगायचं ते त्यांनी क्रेओलमध्ये सांगून झालं, तरी होईना. मग मी त्यांना माझ्या गाडीतून घेऊन गेले. शाळेच्या दाराशी मला म्हणाले, “तू आत ये. मागे बस.” मी बसले. मुलं बाकांवर हात ठेवून गप्प बसली होती, पहिल्या दिवशी बसतात तशी. नादेज खिडकीजवळ.

मास्तरांनी क्रेओलमध्ये काहीतरी सांगितलं. मग फळ्याकडे वळून त्यांनी एक गणित लिहिलं. एक छेद दोन अधिक एक छेद तीन. आणि खाली उत्तर लिहिलं, दोन छेद पाच.

म्हातारा चुकला. वरचे वर, खालचे खाली मिळवून टाकले, पाचवीतलं पोरही करणार नाही असं. आयुष्यभर वाट बघितलेला दिवस आणि पहिल्याच गणिताला हे. कसं सांगावं, उठावं की नको, मला काही सुचेना. मास्तर फळ्याशी उभे राहून वर्गाकडे बघत होते. मुलं खाली मान घालून ते उतरवून घेऊ लागली.

तेवढ्यात खिडकीजवळून आवाज आला. बारीक, पण ठाम. नादेज काहीतरी म्हणाली. सगळी मुलं वळून तिच्याकडे बघू लागली. मास्तरांनी भुवया चढवून विचारलं, काय म्हणालीस? ती उभी राहिली आणि परत म्हणाली, या वेळी मोठ्यानं, दोन्ही हात हलवत. मला क्रेओल येत नव्हतं, पण ते कळायला यायची गरजही नव्हती. अर्ध्याहून कमी कसं झालं, अर्ध्यात आणखी मिळवलं ना तुम्ही? मागचा एक पोरगा तिला पुष्टी द्यायला उठला, पुढची एक मुलगी त्याच्याशी भांडायला उठली, आणि वर्गात गलका झाला. मास्तरांनी खडू नादेजच्या हातात दिला आणि स्वतः तिच्या बाकावर जाऊन बसले. छोटं बाक, गुडघे मावत नव्हते. ती फळ्याशी उभी राहून त्यांना समजावून सांगत होती आणि ते मधेमधे मान हलवून, नाही कळलं, परत सांग, असं करत होते. नादेजही न कंटाळता परत सांगत होती.

वर्ग सुटल्यावर गाडीत बसल्या बसल्या मी विचारलं, “सर, मुद्दाम केलंत ना ते?”

“दर वर्षी करायचो. पहिल्या तासाला, नव्या वर्गात. हेच गणित. उत्तर चुकीचं लिहायचं आणि थांबायचं.”

“मग?”

“मग काय. मुलं ते सुंदर अक्षरात उतरवून घ्यायची. घरी जाऊन पाठ करायची. कित्येक वर्षं मी थांबायचो, मादमोझेल, कुणी तरी म्हणेल. फ्रेंचमध्ये मास्तरला ‘तुमचं चुकलं’ म्हणायला त्यांच्याकडे शब्द होते, पाठ केलेले. पण म्हणायचं कसं, ते कुणाला येत नव्हतं.”

“आणि मग तुम्ही दुरुस्त करायचात?”

“दुसऱ्या दिवशी. तेव्हा दुरुस्तीही तितक्याच सुंदर अक्षरात उतरवून घ्यायची.”

त्यांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला, मग डोळे पुसले, मग परत चष्मा पुसला. मी गाडीची चावी नुसतीच फिरवत बसले.

“घरी गेल्यावर मादामला तू सांग,” ते म्हणाले. “मला सांगता येणार नाही, मी रडेन.”

“काय सांगू?”

ते थोडा वेळ खिडकीबाहेर, शाळेच्या दारातून ढकलाढकली करत बाहेर पडणाऱ्या पोरांकडे बघत राहिले.

“तिला म्हणावं, आज मी शिकवलं.”